बाबांनी न म्हटलेलं वाक्य

माझा धाकटा भाऊ माइकसमोर उभा राहिला की आमची आई मरते. कधी न्यूमोनियानं, कधी उपासमारीनं, आणि श्रोते फारच खाऊनपिऊन सुखी असले तर नुसतीच झुरून. त्या वेळी आई घरी सोफ्यावर पाय वर घेऊन मटार सोलत असते आणि टीव्हीवरच्या सासवांना नावं ठेवत असते. भावाला घरात आम्ही सोन्या म्हणतो. बाहेर त्याला सगळे 'सर' म्हणतात. सर कुठल्या शाळेत शिकवतात, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आमच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. आत डोळे तपासायची अरुंद खोली, बाहेर काचेची कपाटं आणि त्यात ओळीनं मांडलेल्या फ्रेमा. बाबांना बोलायची फारशी सवय नाही. गिऱ्हाइकाला 'हे स्पष्ट की ते?' असं विचारायचं, आणि घरी आल्यावर 'जेवलात का?' असं. एवढ्यात त्यांचा दिवस पार पडतो. मी शिकून त्यांच्याच दुकानात उभी राहिले. सोन्याला दुकान नको होतं. त्यानं झेरॉक्स मशीन विकून बघितली, विमा विकून बघितला, मग पाणी शुद्ध करायचं एक यंत्र. ते यंत्र आमच्याच घरात सर्वांत आधी बिघडलं. प्रत्येक नोकरी सुटली की तो जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसायचा, आणि बाबा म्हणायचे, "बरं. दुसरं काही बघ." एवढंच. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नाही.

एका कंपनीत त्याला नव्या लोकांना शिकवायचं काम मिळालं. तिथं त्याला कळलं की आपल्याला विकता येत नाही, पण विकावं कसं ते सांगता येतं. आवाज मुळातच चांगला, उंची चांगली, आणि लाज नावाची गोष्ट लहानपणापासूनच बेताची. मग त्यानं नोकरी सोडली, गडद निळा कोट शिवून घेतला आणि व्याख्यानं द्यायला लागला. पहिली काही व्याख्यानं मी ऐकली आहेत. 'वेळेचं नियोजन', 'सकारात्मक विचार' वगैरे. लोक जांभया देत होते. एक गृहस्थ तर पहिल्या रांगेत बसून नखं कापत होते.

मग एकदम त्याचं बस्तान बसलं. फोटो झळकायला लागले, गाडी आली, गाडीला ड्रायव्हर आला. कार्यक्रम ठरवायला एक मॅनेजर बाई आल्या. आई शेजारीपाजारी सांगत सुटली. बाबा म्हणाले, "बरं झालं." कसं काय जमलं, हे आम्ही विचारलं नाही. घरातल्या माणसाचं चांगलं झालं की कोण खोदत बसतं?

ते आम्हाला दुकानातच कळलं. एक मध्यमवयीन बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या होत्या. बाबा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन काम करत होते. बाई भिंतीवरच्या आमच्या फोटोकडे बघत राहिल्या. फोटोत बाबा, आई, मी आणि सोन्या.

"तुम्हीच का ते?" त्यांनी बाबांना विचारलं.

"कोण ते?"

"पोराचा हात मोडणारे."

बाबांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी मान पुढे केली. बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला मोठ्यानं, मग काउंटरवरून चष्मा उचलला, सुटी दांडी पर्समध्ये टाकली आणि निघून गेल्या.

मी फोनवर शोधलं. फार शोधावं लागलं नाही. मोठं सभागृह, काळोख, मधोमध उजेडाच्या गोलात सोन्या. तो हळू आवाजात सांगत होता. त्याचा बाप चष्मे विकायचा. जगाला दृष्टी देणाऱ्या त्या माणसाला पोटचा मुलगा मात्र कधी दिसला नाही. शाळेत बक्षीस मिळालं तर बापानं ते खिडकीतून भिरकावलं. एकदा रागाच्या भरात दुकानाच्या शटरखाली त्याचा हात दिला आणि मोडला. आई औषधावाचून गेली, कारण बाप म्हणाला, काचांचा माल आधी. आणि आईच्या सरणासमोर उभं राहून बाप त्याला म्हणाला, "तुझ्याच्यानं आयुष्यात काही होणार नाही." इथं सोन्या थांबला. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मग तो मान वर करून म्हणाला, "बाबा, आज इथं अडीच हजार माणसं बसली आहेत." आणि अडीच हजार माणसं उभी राहिली.

बाबांनी ते सगळं बघितलं. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता.

"हात तर गॅरेजच्या पत्र्यावरून पडून मोडला होता," ते म्हणाले.

"मला माहीत आहे, बाबा."

"मीच नेलं होतं त्याला दवाखान्यात."

"माहीत आहे."

"बक्षीस कुठलं मिळालं होतं त्याला?" हे त्यांनी खरंच आठवून बघितलं. मलाही आठवेना. सोन्याला शाळेत कधीच काही मिळालं नव्हतं.

त्या रविवारी त्याला घरी बोलावलं. तो मॅनेजर बाईंना घेऊन आला. बाई हुशार होत्या, आल्या आल्या बाबांच्या पाया पडल्या आणि त्यांना 'बाबा' म्हणायला लागल्या. सोन्या सोफ्यावर टेकला. मला वाटलं होतं, निदान तोंड लपवेल. तो चहात बिस्कीट बुडवत होता.

"हात मी मोडला?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ते तुम्ही नाही हो. ते एक पात्र आहे."

"त्याचं चष्म्याचं दुकान आहे."

"दुकान असलं की लोकांना खरं वाटतं."

"मग खरंच का नाही सांगत?"

सोन्यानं कप खाली ठेवला. "सांगून बघितलं. माझे वडील शांत होते, त्यांनी माझी फी वेळेवर भरली, नोकरी गेली तर म्हणाले, बरं, दुसरं बघ. यावर कोण टाळ्या वाजवणार? तुम्हीच सांगा. माणसं खुर्चीत बसून मोबाइल बघतात. चांगल्या बापावर धंदा चालत नाही, बाबा. तुम्ही थोडे जरी वाईट असता ना, तरी मला एवढं बनवावं लागलं नसतं."

यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. उलट बाबांनीच त्याचं काम वाढवून ठेवलं, असा त्याचा सूर होता.

आई आतून आली. मला वाटलं, आता तरी ही दोन शब्द सुनावेल. ती म्हणाली, "मला सध्या कशानं मारतोस रे?"

"न्यूमोनियानं, आई."

"ते बरं आहे. उपाशी मेले म्हणत जाऊ नकोस. माझ्या माहेरच्यांना काय वाटेल?"

"आई, तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"मेले तर मेले. त्याचं भलं होतंय ना?" आई म्हणाली आणि त्याला आणखी बिस्किटं आणायला गेली.

मॅनेजर बाई एवढा वेळ मान डोलावत होत्या. आता त्या पुढे सरकल्या. त्यांचं म्हणणं असं की लोक सरांना नेहमी विचारतात, वडील आता कुठे असतात, त्यांना पश्चात्ताप झाला का. तेव्हा बाबांनी एकदा मंचावर यावं. बोलायची गरज नाही. सर पाया पडतील, बाबांनी त्यांना उठवून जवळ घ्यावं, मागे संगीत लागेल. "लोकांना मोकळं व्हायचंय, बाबा. त्यांच्या मनात तुम्ही अडकून पडलाय."

मी त्या बाईंना दार दाखवणार होते. पण बाबा म्हणाले, "माइक देणार का हातात?"

बाईंनी सोन्याकडे बघितलं. सोन्यानं खांदे उडवले. बाबा बोलून बोलून काय बोलणार, हे त्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, किंवा तसं त्याला वाटत होतं. "दोन शब्द बोला की," तो म्हणाला.

ते गेल्यावर मी बाबांवर चिडले. त्या तमाशात आपण कशाला जायचं, असं विचारलं. बाबा म्हणाले, "लोकांना माहीत नाहीये. माहीत झालं की थांबतील." बाबांचा जन्मभर असा समज होता की माणसाला नीट दिसलं की तो नीट वागतो. चष्मेवाल्याचा समज. 

कार्यक्रम कुठल्याशा कंपनीच्या विक्रेत्यांचा होता, भर दुपारी, एका हॉटेलच्या सभागृहात. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या कार्डाची पाकिटं, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि सोन्याचा हसरा चेहरा छापलेली पिशवी. आईला आणायचं नाही असं ठरलं होतं, कारण ती वारलेली होती. पण ती रुसून बसली, तेव्हा मॅनेजर बाईंनी तिला 'मावशी' म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारी. बाबा पडद्याआड.

विक्रेते आधी नाचले. खरंच नाचले, टाय लावलेली मोठमोठी माणसं, कारण सोन्यानं सांगितलं, नाचा. मग त्यानं सांगितलं, शेजाऱ्याच्या डोळ्यात बघा आणि म्हणा, तू सिंह आहेस. माझ्या शेजारच्या माणसाच्या तोंडाला सुपारीचा वास येत होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, तू सिंह आहेस. मी म्हटलं, असेन. या माणसांची मला कीव येईना. ज्याला खुर्चीत बसल्या बसल्या सिंह व्हायचं आहे, त्याला माझ्या भावासारखाच माणूस भेटायला हवा.

मग दिवे मंद झाले आणि गोष्टीतला बाप आला. या खेपेला तो पूर्वीपेक्षा क्रूर होता. बक्षीस भिरकावण्याआधी त्यानं पायाखाली तुडवलं. आई खोकायला लागली, पडली, मेली. माझी आई रुमालात तोंड घालून रडत होती. "किती हाल झाले गं माझे," ती माझ्या कानात म्हणाली.

"आणि आज," सोन्या म्हणाला, "तो माणूस इथं आहे."

बाबा बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. सभागृहात एक घोगरा आवाज घुमला, शिवी देण्याआधी घसा साफ करावा तसा. सोन्या गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बाबांचे पाय धरले. व्हायोलिन सुरू झालं. बाबांनी त्याला उठवलं नाही. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला, फार जवळ, त्यामुळे पहिला शब्द फाटला.

"माझं चष्म्याचं दुकान आहे," ते म्हणाले. "या मुलाचा हात मी मोडलेला नाही. तो गॅरेजच्या पत्र्यावरून पडला. त्याला बक्षीस कधी मिळालं नाही, त्यामुळे मी ते फेकणार कुठून? त्याची आई जिवंत आहे. ती समोर बसली आहे."

सगळ्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. आईनं घाईघाईनं गळ्यातलं पाकीट उलटं केलं.

"ते वाक्य मी त्याला कधी म्हटलं नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता. "त्याचं प्रत्येक वेळी काही ना काही फसायचं. मी म्हणायचो, बरं, दुसरं बघ. आज त्यानं काय बघितलं ते मी बघतोय. तेव्हा आता म्हणतो. सोन्या, तुझ्याच्यानं काही होणार नाही."

व्हायोलिन थांबलं.  मी सोन्याकडे बघत होते. क्षणभर त्याचा चेहरा अगदी साधा झाला, पत्र्यावरून पडलेल्या पोराचा. मला वाटलं, संपलं. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, समाधान दाटून आलं.

तो उठला. बाबांकडे त्यानं बघितलंही नाही. श्रोत्यांकडे वळला, डोळे भरलेले, आणि अगदी हळू म्हणाला, "ऐकलंत?"

कुणी हललं नाही.

"आजही," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी. तुमच्या सगळ्यांसमोर. मी पाय धरलेले असताना. आजही."

पहिली टाळी मागच्या रांगेतून आली. मग पाऊस कोसळावा तशा. माझ्या शेजारचा सिंह ढसाढसा रडत होता. "म्हाताऱ्याला बायकोचं मरणसुद्धा आठवत नाही," तो मला म्हणाला. सोन्या दोन्ही हात पसरून ओरडला, "बाबा, मी तुम्हाला माफ केलं," आणि लोक खुर्च्यांवर चढले. बाबा माइकमध्ये बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, "नाही, ऐका, असं नाही." पण माइक केव्हाच बंद केला होता.

गाडीत आई म्हणाली, "चारचौघांत असं बोलायचं का त्याला?"

"मी खरं सांगत होतो," बाबा म्हणाले.

"पण ते वाक्य बोललातच ना शेवटी?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ इतका फिरला की सोन्या परदेशी जाऊन आला. एका विद्यापीठानं त्याला शाल दिली. मी फोनवर त्याला वाटेल ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, आता तर खोटंही राहिलं नाही ते," तो म्हणाला. "बाबा म्हणालेत. पुरावा आहे." त्याच्या स्वरात विजयसुद्धा नव्हता. बिल भरल्यावर पावती जपून ठेवणाऱ्या माणसाचा तो स्वर होता.

दुकानात माणसं यायला लागली. काही नुसती काचेबाहेरून बघून जायची. काही आत येऊन बाबांसोबत फोटो मागायची. एक आई तर मिशा फुटून जुन्या झालेल्या आपल्या मुलाला घेऊन आली, हाताला धरून, आणि म्हणाली, "याला तेवढं एकदा म्हणा. तुमच्या तोंडून ऐकलं की सुधारेल. तुमच्या मुलाचं कसं सोनं झालं." तो मुलगा आज्ञाधारकपणे मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी त्या दोघांकडे असं बघितलं की आपण उगाच आलो, हे त्या बाईंनाही उमगलं. नीट दिसलं की माणूस नीट वागतो, हा बाबांचा समज त्या दिवसांत गेला. त्यानंतर गिऱ्हाइकाला डोळ्यांशिवाय दुसरं काही असतं असं ते वागेनात.

सोन्या बरेच महिने आला नाही. आला तो एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, टोपी आणि काळा गॉगल घालून. ड्रायव्हरला त्यानं कोपऱ्यावरच उभं केलं होतं.

"ताई, समोरच्या पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत हल्ली," तो मला म्हणाला. "भाषण अडखळतं. बाहेर कुठे दाखवलं तर बातमी होईल."

बाबा आतून आले. त्यांनी त्याला ओळखलं नाही असं नाही. त्यांनी रुमालानं हात पुसले आणि तपासणीच्या खोलीचं दार उघडून धरलं. "या, सर," ते म्हणाले.

"बाबा, अहो काय हे?"

"बसा. पाठ टेकून बसा."

सोन्या बसला. मी दाराशी उभी होते. बाबांनी त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली, एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता उजळला. पोटच्या मुलाला ते 'तुम्ही' म्हणत होते, आणि त्यात राग शोधून सापडत नव्हता. मी बाबांना चिडलेलं कधी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या नम्रपणानं माझ्याच अंगावर काटा आला.

"खालून दुसरी ओळ वाचा," बाबा म्हणाले.

"ग, र, ल, स, त," सोन्या म्हणाला. न अडखळता, त्या भरदार आवाजात, प्रत्येक अक्षरानंतर योग्य तेवढा थांबून.

मी तक्त्याकडे बघितलं. त्या ओळीत प, ट, म, न, क होतं.

"दिसतंय का तुम्हाला?"

"हो. अगदी स्वच्छ."

बाबांनी काच बदलली. "आता?"

"ग, र, ल," सोन्यानं पुन्हा सुरू केलं आणि मध्येच थांबला. बहुधा आता त्याला खरी अक्षरं दिसली असावीत. "प," तो बारीक आवाजात म्हणाला. "ट."  फ्रेमच्या आत त्याचे डोळे मिचमिचत होते. "बाबा," तो म्हणाला, "मी घरी जेवायला येऊ का एकदा?"

"दुसरा डोळा बघू," बाबा म्हणाले.

दुसरा डोळा झाला. बाबांनी नंबर लिहिला, फ्रेम काढून घेतली आणि तक्त्याचा दिवा मालवला. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं, "यांना फ्रेमा दाखव. चष्मा तयार झाला की फोन करायचा, नंबर घेऊन ठेव." बाकावर एक आजोबा केव्हाचे थांबले होते. बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "चला, तुम्ही या."

सोन्या आरशासमोर उभा राहून फ्रेमा लावून बघत होता. गॉगल त्यानं खिशात ठेवला होता आणि डोळे लाल दिसत होते. ते किती खरे होते, मला सांगता येणार नाही. त्याला स्वतःलाही सांगता आलं असतं, असं वाटत नाही.

"जरा साधी दाखव, ताई," तो म्हणाला. "जुन्या पद्धतीची. मंचावर चांगली दिसेल."